शब्द पाठ, वाक्य चूक: इंग्रजी शब्दांच्या वहीविषयी

पाचवीतल्या मुलाची इंग्रजी शब्दांची वही उघडली की बहुतेक एकच मांडणी दिसते. पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. 'सजेस्ट' म्हणजे सुचवणे, 'रीच' म्हणजे पोहोचणे, 'डिस्कस' म्हणजे चर्चा करणे. तिन्ही अर्थ बरोबर, शेजारी टीचरची लाल टिकही आहे. आता त्याच मुलाला वाक्य करायला सांगा. 'ही सजेस्टेड मी अ बुक.' 'वी रीच्ड टू पणजी.' 'दे डिस्कस्ड अबाउट द मॅच.' तिन्ही वाक्यं चुकली, आणि तिन्ही शब्दांचे अर्थ मात्र त्याला चोख माहीत आहेत.

गडबड आपल्या प्रत्ययांनी केलेली असते. मराठीत 'ला' कुठेही लागतो. मला पुस्तक दे, मला गोष्ट सांग, मला हे गणित समजाव, मला एखादं चांगलं हॉटेल सुचव. चारही वाक्यांत 'मला' जागच्या जागी. इंग्रजीत पहिली दोन तशीच्या तशी जातात: 'गिव्ह मी', 'टेल मी'. पुढची दोन अडतात. 'एक्स्प्लेन मी धिस सम' चालत नाही, 'एक्स्प्लेन धिस सम टू मी' म्हणावं लागतं. 'सजेस्ट मी अ हॉटेल' चालत नाही. 'कॅन यू सजेस्ट अ गुड हॉटेल?' एवढं पुरतं, आणि माणूस आणायचाच असेल तर तो 'टू' घेऊन शेवटी येतो. म्हणून वहीत अशा क्रियापदांचे दोन गट करावेत. गिव्ह, टेल, शो, सेंड, लेंड यांच्या पाठोपाठ माणूस थेट येतो. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, से, अनाउन्स यांना माणसाआधी 'टू' लागतो. दुसऱ्या गटातला शब्द 'टू'शिवाय लिहिला तर ती नोंद अर्धीच राहिली.

उलटा घोटाळाही तितकाच होतो. 'त्याला विचार' वरून 'आस्क टू हिम', 'तिला फोन कर' वरून 'कॉल टू हर', 'त्याने मला सांगितलं' वरून 'ही टोल्ड टू मी'. इथे 'टू' अजिबात नको. 'पणजीला पोहोचलो' मधल्या 'ला'मुळे 'रीच्ड टू' येतं, पण 'रीच' पुढे काहीच लागत नाही, 'रीच्ड पणजी' हेच पूर्ण. तेच 'अराइव्ह' घेतलं तर मात्र मधे शब्द हवा: 'अराइव्ह्ड इन पणजी', पण 'अराइव्ह्ड ॲट द बस स्टँड'. शहर असेल तर 'इन', नेमकी जागा असेल तर 'ॲट'. 'खोलीत शिरला' मधला 'त' असाच फसवतो आणि 'एंटर्ड इन द रूम' लिहून होतं, बरोबर आहे 'एंटर्ड द रूम'. जमिनीच्या कागदांत 'एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट' दिसेल, तो 'इनटू' बरोबर आहे, कारण तिथे शिरणं खोलीत नसून करारात आहे. 'रमेशशी लग्न झालं' म्हणून 'मॅरिड विथ रमेश' होतं, हवं 'मॅरिड टू'. 'माझ्यावर रागावली' म्हणून 'अँग्री ऑन मी' होतं, हवं 'अँग्री विथ मी'. 'गणितात हुशार' म्हणून 'गुड इन मॅथ्स', हवं 'गुड ॲट'. आणि जिथे मराठीत वेगळं शब्दयोगी अव्यय नसतं तिथे इंग्रजीतलं गळून पडतं: वाट पाहतोय म्हणून 'आय ॲम वेटिंग यू', गाणी ऐकतोय म्हणून 'लिसनिंग म्युझिक'. 'वेट फॉर' आणि 'लिसन टू' हे दोन दोन शब्द मिळून एकच शब्द आहेत असं समजून लिहावेत.

यातून वहीचं कामही हलकं होतं. जिथे मराठी आणि इंग्रजी जुळतं तिथे नोंद करायची गरज नाही. 'वर अवलंबून' आणि 'डिपेंड ऑन', 'वर विश्वास' आणि 'बिलीव्ह इन' यांत पहिलं आपोआप येतं, दुसरं लिहून ठेवावं लागतं. नवा शब्द समोर आला की आधी मराठी वाक्य मनात म्हणायचं, मग इंग्रजी वाक्य बघायचं, आणि जिथे दोन वाटा फुटतात तेवढीच जागा लाल शाईने लिहायची. पानभर लाल झालं तर समजावं की शब्दामागून शब्द ठेवून भाषांतर चाललंय.

शब्द किती आणि कोणते, याचं उत्तर गाइडांत शोधू नये. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश अमदानीत ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचन जड का जातं यावर त्यांनी बरंच काम केलं, आणि इंग्रजीत सर्वात जास्त लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची त्यांची यादी 1953 मध्ये छापली गेली. यादी आता जुनी आहे, पण मुद्दा टिकून आहे: थोडे शब्द फार वेळा येतात, बाकीचे फार क्वचित. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी 8000 ते 9000 शब्दकुलं लागतात. बोललेलं समजायला 6000 ते 7000 पुरतात. शब्दकुल म्हणजे हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस हे सगळे मिळून एक, त्यामुळे आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. कॉलेजच्या पुस्तकांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली 570 शब्दकुलांची वेगळी यादी केली. पहिले 2000 पक्के झाल्यावर हात घालावा तो या यादीला. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत मोठ्या डौलाने छापलेले अवघड शब्द त्याच्याही नंतरचे. 'इश्यू' आणि 'अलाउ' वाक्यात नीट बसत नसताना 'युबिक्विटस' पाठ करणं ही हौस आहे, अभ्यास नाही.

गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मात्र एक यादी याहून तातडीची आहे, आणि ती कुठे छापलेली मिळत नाही. प्राथमिक शाळा मराठीतून झाली की पाचवीपासून बहुतेक ठिकाणी गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीतून सुरू होतं. डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना तिथे अडवतात ते अनोळखी शब्द कमी, ओळखीचे जास्त. 'सोल्यूशन' म्हणजे गणिताच्या तासाला उत्तराची रीत, विज्ञानाच्या तासाला द्रावण. 'प्रॉडक्ट' म्हणजे बाजारातली वस्तू, पण गणितात गुणाकाराचं उत्तर. 'डिफरन्स' म्हणजे फरक, पण गणितात वजाबाकीचं उत्तर. 'मीन' म्हणजे अर्थ असणे, कंजूष किंवा क्षुद्र मनाचा, आणि सांख्यिकीत सरासरी. 'पॉवर' कधी घातांक, कधी शक्ती, नागरिकशास्त्रात सत्ता. 'रूट' झाडाचं मूळ आणि वर्गमूळ. 'व्हॉल्यूम' घनफळ, टीव्हीचा आवाज, आणि ग्रंथाचा खंडही. 'राइट अँगल' मधला 'राइट' म्हणजे उजवा नव्हे आणि बरोबरही नव्हे, तो काटकोन. यातला एकच अर्थ वहीत लिहिलेला असेल तर मूल प्रश्न वाचतं, शब्द ओळखतं, आणि भलतंच उत्तर लिहितं. अनोळखी शब्दाला मूल निदान थांबून विचारतं, ओळखीच्या शब्दाला विचारत नाही. म्हणून अशा शब्दांपुढे विषयाचं नाव लिहून वेगळी ओळ करावी: सोल्यूशन, विज्ञान, द्रावण, 'सॉल्ट सोल्यूशन'. गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकातल्या प्रत्येक धड्यातून असे पाच-सहा शब्द निघतात.

त्याच्याच जोडीला प्रश्नपत्रिकेतले आज्ञार्थी शब्द. 'नेम' म्हणजे फक्त नाव लिहा. 'स्टेट' म्हणजे सांगा, कारण देत बसू नका. 'डिफाइन' म्हणजे व्याख्या. 'एक्स्प्लेन' म्हणजे कसं आणि का, दोन्ही. 'डिस्टिंग्विश बिट्वीन' म्हणजे दोन रकाने आखून मुद्द्यासमोर मुद्दा, दोन वेगळे परिच्छेद नव्हेत. 'जस्टिफाय' म्हणजे दिलेलं विधान कारणं देऊन पटवा. 'अकाउंट फॉर' मध्ये बँकेचं खातं नाही आणि हिशेबही नाही, त्याचा अर्थ कारणं द्या. हे मोजून दहा-बारा शब्द आहेत, पण 'स्टेट'च्या एका गुणाच्या प्रश्नाला पानभर उत्तर लिहून 'जस्टिफाय'च्या तीन गुणांना एक ओळ लिहिणारी मुलं दरवर्षी दिसतात.

आता मराठीत आधीच मुरलेले इंग्रजी शब्द. हे शिकायचे नसतात, सोडवायचे असतात. चहा-भजी मिळतात ते आपलं हॉटेल, इंग्रजीत 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा, खायची ती 'रेस्टॉरंट' किंवा 'कॅफे'. 'फॅमिलीला घेऊन आलोय' म्हणताना कित्येकांना बायको म्हणायचं असतं. 'करंट बसला' याचं इंग्रजी 'आय गॉट अ शॉक'. 'लाइट गेले' याचं 'द पॉवर इज आउट', नुसतं 'द लाइट वेंट' म्हटलं तर एक दिवा विझला असं वाटेल. गोव्याची आणखी खास भर आहे. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून भाडं नेणारा आपला 'पायलट'. 'पायलट वील ड्रॉप यू' असं ऐकलेला परदेशी पाहुणा नक्कीच गोंधळणार, त्याला 'मोटरसायकल टॅक्सी' म्हणावं. 'शॅक' म्हणजे आपल्याकडे किनाऱ्यावरचं खाण्यापिण्याचं ठिकाण, शब्दकोशात मात्र घाईत उभारलेलं खोपटं. दारापुढची बसायची जागा म्हणजे 'बालकांव' हे पोर्तुगीजमधून आलेलं, इंग्रजी 'बाल्कनी' मात्र वरच्या मजल्याचीच. पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या पिढीची पंचाईत तर याहून गमतीची असणार: पोर्तुगीजमध्ये 'पुशार' म्हणजे ओढणे, इंग्रजीत 'पुश' म्हणजे ढकलणे, आणि 'कॉन्स्तिपादु' म्हणजे सर्दी झालेला, इंग्रजीत 'कॉन्स्टिपेटेड' म्हणजे बद्धकोष्ठ झालेला. इंग्रजी डॉक्टरला ते सांगितलं तर औषध भलत्याच रोगाचं मिळेल.

शब्दांना सोबत कोणाची लागते हा वेगळा भाग, आणि माझ्या मते सर्वात दुर्लक्षित. जोराचा पाऊस 'हेवी रेन', जोराचा वारा 'स्ट्राँग विंड', कडक चहा 'स्ट्राँग टी', कडक ऊन 'स्ट्राँग सन' किंवा 'हॉट सन'... हा दुसरा पर्याय बोलताना चालतो, पण 'हार्ड सन' कधीच नाही, आणि कडक शिक्षक 'स्ट्रिक्ट'. मराठीत एका 'जोराचा'वर किंवा एका 'कडक'वर भागतं, इंग्रजीत प्रत्येक नामाचा जोडीदार ठरलेला. तो का, याला सहसा कारण नसतं, तर्क लढवण्यात वेळ घालवू नये. सरळ जोडी पाठ करावी.

'करणे' हे क्रियापद तर आपल्याकडे सगळी कामं करतं. इंग्रजीत ती वाटली गेली आहेत. चूक करणे 'मेक अ मिस्टेक', गृहपाठ करणे 'डू होमवर्क', प्रयत्न करणे 'मेक ॲन एफर्ट', मदत करणे साधं 'हेल्प', उपकार करणे 'डू अ फेव्हर', आंघोळ करणे 'हॅव अ बाथ' किंवा 'टेक अ बाथ', फोन करणे 'मेक अ कॉल'. ढोबळमानाने, करून झाल्यावर काहीतरी नवं उभं राहिलं तर 'मेक', नेहमीचं काम उरकलं तर 'डू'. अपवाद इतके की या नियमावर फार भिस्त ठेवू नये. 'परीक्षा देणे' वरून आलेलं 'गिव्ह ॲन एक्झाम' भारतात सर्रास बोललं जातं आणि इथे कुणी अडवत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र परीक्षा देणारा तो परीक्षक वाटतो, विद्यार्थी 'टेक' करतो किंवा 'सिट' करतो. अर्जात आणि मुलाखतीत 'टेक' लिहिलेलं बरं. आणखी एक नेहमीची खोट अनेकवचनाची: ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांना एस लागत नाही. एक सल्ला म्हणायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी चार शब्द जरा जवळून पाहू, कारण किनारपट्टीवर आणि आता मोपा विमानतळाच्या आसपासही पुष्कळ मुलांची पहिली नोकरी याच धंद्यात होते. 'कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट' म्हणजे नाश्ता खोलीच्या भाड्यात, वेगळे पैसे नाहीत. याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्यात एल नंतरच्या अक्षरांत आय ऐवजी ई येतो, आणि त्याचा अर्थ एकमेकांना पूरक. पाटीवर ई पडला की नाश्ता फुकट राहत नाही, पूरक होतो. लक्षात ठेवायला 'कॉम्प्लीट' घ्यावा: पूर्ण करणारा तो ई वाला. 'टर्न डाउन' चे तीन व्यवहार आहेत. 'टर्न डाउन द म्युझिक' म्हणजे आवाज कमी करा. 'टर्न डाउन अ रिक्वेस्ट' म्हणजे विनंती नाकारणे. आणि 'टर्नडाउन सर्व्हिस' म्हणजे संध्याकाळी खोलीत जाऊन पलंगपोस काढणे, चादर एका कोपऱ्याला दुमडणे, पडदे ओढणे. नव्या मुलाला 'टर्न डाउन रूम 204' असं सांगितलं आणि त्याला फक्त नाकारणे हा अर्थ ठाऊक असेल, तर तो पाहुण्याला खोली नाही म्हणून सांगून येईल. तिसरा 'सूट' म्हणून वाचला जाणारा शब्द. बैठक आणि झोपायची खोली मिळून जे दालन होतं त्याचा उच्चार 'स्वीट', गोड या शब्दासारखाच. अंगात घालायचा तो सूट वेगळा, त्याच्या स्पेलिंगला शेवटी ई नाही. चौथा 'रिसीट', त्यातला पी लिहायचा, बोलायचा नाही.

उच्चार वहीत देवनागरीत लिहायला हरकत नाही. ॲ आणि ऑ मराठीकडे आहेत, त्यामुळे 'बॅट', 'बेट', 'बॉट' वेगळे दाखवता येतात. ऱ्हस्व-दीर्घामुळे 'शिप' आणि 'शीप', 'लिव्ह' आणि 'लीव्ह'ही. दोन गोष्टी लिपीत नीट येत नाहीत. एक म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ नुसते गोल होतात, दात लागत नाहीत. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट', 'व्हाइन' आणि 'वाइन' आरशासमोर म्हणून बघावेत. दुसरी म्हणजे जोर. मराठीत अक्षरांवर जवळपास सारखा भार पडतो, इंग्रजीत एकावरच पडतो, आणि तो चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. 'होटेल' मध्ये जोर 'टेल'वर, 'डिव्हेलप' मध्ये 'व्हे'वर, 'फोटोग्राफ' मध्ये पहिल्या अक्षरावर पण 'फोटॉग्रफी' मध्ये दुसऱ्यावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर 'रिकॉर्ड', जोर शेवटी. जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची, एवढी खूण पुरते.

शब्दकोश कोणता वापरावा? इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, वापर देत नाही. फोनवरचं भाषांतर तर बहुतेक वेळा एकच अर्थ देऊन मोकळं होतं. इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी केलेले वेगळे कोश असतात, त्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. अशा कोशांतलं एक मोठं नाव ए. एस. हॉर्नबी. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांचं नेमकं कुठे अडतं ते पाहून त्यांनी आपला कोश रचला, आणि तो 1942 मध्ये आधी जपानमध्येच छापला गेला. प्रत्येक क्रियापदापुढे वाक्याची कोणती घडण चालते हे त्यात दाखवलेलं होतं. लाँगमनच्या 1978 च्या कोशाने सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांतच लिहिल्या, म्हणजे व्याख्येतला शब्द शोधायला पुन्हा कोश उघडायला नको. अशा कोशांच्या ऑनलाइन आवृत्त्या फुकट आहेत, उच्चारही ऐकता येतो.

कोश उघडल्यावर पहिला अर्थ उचलून पळायचं नाही. आधी शब्द वाक्यात नाम आहे की क्रियापद ते ठरवा, मग त्याच जातीचे सगळे अर्थ वाचा, आपल्या वाक्यात बसणारा एकच निवडा, आणि त्याच्याखालचं उदाहरणाचं वाक्य उतरवून घ्या. नामापुढे यू हे अक्षर असेल तर अनेकवचन होत नाही, सी असेल तर होतं. कंसात बारीक टायपात 'फॉर्मल' किंवा 'इन्फॉर्मल' लिहिलेलं असतं, तेही बघा. 'कमेन्स' आणि 'स्टार्ट' दोन्ही म्हणजे सुरू होणे, पण मित्राला 'द मॅच हॅज कमेन्स्ड' असा मेसेज कुणी पाठवत नाही.

उपसर्ग आणि धातू मराठी वाचकाला परके नाहीत. 'हार' पासून आहार, विहार, संहार, प्रहार होतात तसे 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे यापासून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. मात्र यावरून अर्थ ताडायचा तो फक्त अंदाज म्हणून, कारण 'इन' दर वेळी नकार देत नाही. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं नव्हे, चटकन पेट घेणारं. गॅसच्या टँकरवर ते लिहिलेलं असतं, तेव्हा चूक महाग पडू शकते. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनमोलाचं नव्हे, अमोल. 'हार्डली' चा 'हार्ड'शी संबंध तुटलेला आहे: 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो फारसं काम करत नाही.

वाचनासाठी गोव्यात एक सोय घरबसल्या आहे. 'नवप्रभा' आणि 'नवहिंद टाइम्स' एकाच समूहाची, एक मराठी आणि एक इंग्रजी. कोणतीही दोन दैनिकं चालतील, पण बातमी एकच हवी. आधी मराठीत वाचायची, म्हणजे काय घडलं ते कळलेलं असतं, मग इंग्रजीत. साधारण 300 शब्दांची बातमी घ्यावी. 98 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सहा शब्द अनोळखी असले तर संदर्भावरून अर्थ लागतो. पंधराच्या पुढे गेले की अंदाज निव्वळ अंदाज राहतो, ती बातमी सोडून दुसरी घ्यावी. अधोरेखित करायचे ते पाचच. मराठीत 'उच्च न्यायालयाची स्थगिती' वाचल्यावर इंग्रजीत 'हायकोर्ट स्टेज डेमोलिशन' दिसतं, आणि 'स्टे' म्हणजे राहणे एवढंच पाठ केलेल्याला कळतं की कोर्टाच्या आवारात त्याचा अर्थ थांबवणे. 'ॲलेज्ड' (कथित), 'एन्क्रोचमेंट' (अतिक्रमण), 'क्वॉश' (रद्द करणे), 'प्ली' (याचिका) हे इथल्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उजळणी आपोआप होते. संपादकीय पानाला सुरुवातीला हात लावू नये, तिथली वाक्यं लांब आणि उपरोधाची असतात.

आता पाठांतर. वही वाचत बसणं ही उजळणी नव्हे. डोळ्यांना शब्द ओळखीचा वाटतो आणि येतोय असा भास होतो. अर्थ झाकून आठवावा लागतो तेव्हाच तो बसतो. त्यासाठी कार्डं करावीत, साध्या कागदाच्या पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची. पुढच्या बाजूला मराठी वाक्य आणि त्याखाली इंग्रजी वाक्यात गाळलेली जागा, फक्त पहिलं अक्षर देऊन. 'जोराच्या पावसामुळे फेरी बंद आहे', खाली 'द फेरी इज नॉट रनिंग बिकॉज ऑफ ह... रेन'. मागच्या बाजूला 'हेवी', आणि त्याच शब्दाच्या आणखी दोन जोड्या: हेवी ट्रॅफिक, हेवी स्मोकर. पुढच्या बाजूला नुसता इंग्रजी शब्द लिहिला तर वाचताना ओळखता येईल, बोलताना तोंडी येणार नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं की शिकलेलं सर्वात जास्त विसरतं ते पहिल्या एक-दोन दिवसांत, मग गळती मंदावते. म्हणून उजळणी सुरुवातीला दाट, नंतर विरळ: दुसऱ्या दिवशी, मग 3, 7, 15, 30 आणि 60 दिवसांनी. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या. चपलांच्या खोक्यात पुठ्ठे उभे करून ती होते. हिशेब मात्र आधी करावा. एका शब्दाच्या सहा उजळण्या धरल्या तर रोज 6 नवे शब्द घेणाऱ्याला दोन महिन्यांनी रोज 36 कार्डं बघावी लागतात, रोज 20 घेणाऱ्याला 120, चुकलेली वेगळी. सुट्टीत उत्साहाने 20 ने सुरुवात करून गणेश चवथीच्या गडबडीत चार दिवस राहिलं की साचलेली चार-पाचशे कार्डं बघून खोकंच माळ्यावर जातं. मोठ्यांना 6, पाचवी-सहावीच्या मुलांना 4 पुरेत.

एकाच दिवशी कोणते शब्द घेऊ नयेत हेही महत्त्वाचं. शाळेत विरुद्धार्थी आणि समानार्थी शब्द जोडीने पाठ करून घेतात, आणि मग ते आयुष्यभर एकमेकांत अडकतात. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच पानावर शिकलेल्याला उसनं घेणं कुठलं आणि देणं कुठलं हे नेहमी थांबून आठवावं लागतं, त्यातून मराठीत दोन्हींकडे 'उसनं'च. आधी 'बॉरो फ्रॉम' पक्का करावा, पंधरा दिवसांच्या उजळण्यांत एकदाही चुकला नाही की मग 'लेंड टू'. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट', 'प्रिन्सिपल'चे दोन्ही स्पेलिंग, सगळ्यांना हेच लागू. रंगांची, फळांची, नात्यांची यादी एका बैठकीत घोकणंही त्याच कारणाने वाया जातं.

फोनवर करायचं असेल तर अँकी हे ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे, दिवसांचा हिशेब ते स्वतः ठेवतं. त्यातले दुसऱ्यांनी केलेले तयार गठ्ठे घेऊ नयेत, वाक्यं आपली नसतात आणि आपल्या प्रत्ययांच्या चुका त्यांना माहीत नसतात. जे कार्ड आठ वेळा चुकतं त्याला अँकी जळू म्हणून खूण करून बाजूला काढतं. खोक्यातही हाच नियम ठेवावा. असं कार्ड पुन्हा घोकायचं नाही, फाडायचं. बहुतेक वेळा त्याची तीन कारणं निघतात: वाक्य फार लांब आहे, एका कार्डावर दोन अर्थ कोंबलेत, किंवा त्याच्यासारखा दुसरा शब्द शेजारी चालू आहे. पहिल्यात वाक्य आठ शब्दांच्या आत आणायचं, दुसऱ्यात दोन कार्डं करायची, तिसऱ्यात एक शब्द महिनाभर खोक्याबाहेर ठेवायचा. तिन्ही करूनही चुकलंच, तर तो शब्द सध्या सोडून द्यावा. खरोखर लागणारा असेल तर तो वाचनात पुन्हा भेटेलच, आणि तेव्हा कार्ड नव्या वाक्याने करता येईल.